पेशवे दप्तराचें कुलूप

(१)

जुन्या कागदांच्या शोधांत फिरणाऱ्या मनुष्यास नकार ही कांहीं नवलाची गोष्ट नव्हे. देशमुख-देशपांड्यांच्या वाड्यांतील माळ्यावरचें दप्तर पाहावयास मागितलें म्हणजे मालक कांकूं करतो. संशोधक चार खेपा घालतो, घरांतील वडील मंडळींशीं ओळख वाढवितो, आणि अखेरीस एखाद्या दिवशीं रुमाल खालीं येतो. सरकारी कचेरींतील नकार ह्याहून निराळा. तेथें कागद ज्याच्या ताब्यांत असतो तो त्याचा मालक नसून राखणदार असतो. मालक म्हणावयाचें तर सर्व प्रजा. राखणदारानेंच मालकास नकार दिला तर दाद कोठें मागावी, हा प्रश्न महाराष्ट्रांत दोनशें वर्षें चालत आला आहे. त्याचें सर्वांत मोठें प्रकरण म्हणजे पुण्याचें पेशवे दप्तर. तें प्रकरण थोडक्यांत मांडून, माहितीच्या अधिकाराच्या आजच्या काळांत संग्राहकांनीं व अभ्यासकांनीं त्यापासून काय बोध घ्यावा, तें ह्या लेखांत सांगावयाचें आहे.

लेखास निमित्त एक लहानशी घटना झाली. कांहीं वर्षांपूर्वीं प्रस्तुत लेखकानें एका सरकारी कचेरीकडे एका देवस्थान इनामाच्या चौकशीच्या कागदांच्या नकला माहितीच्या अधिकारान्वयें मागितल्या. मुदत संपतां संपतां उत्तर आलें तें एका ओळीचें : मागितलेले अभिलेख आढळून येत नाहींत. कागदांचा नाश झाला, ते दुसऱ्या कचेरींत गेले, कीं मुळांत ते तेथें कधीं आलेच नव्हते, ह्याचा उलगडा त्या ओळींत नव्हता. ह्या प्रकरणाचा शेवट काय झाला तें लेखाच्या अखेरीस येईल. परंतु हें उत्तर वाचतांना पेशवे दप्तराचा सर्व इतिहास डोळ्यांपुढें उभा राहिला.

(२)

१७ नोव्हेंबर १८१७ रोजीं शनिवारवाड्यावर इंग्रजांचें निशाण लागलें. ३ जून १८१८ रोजीं दुसरा बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. राज्याबरोबर राज्याचें दप्तरही विजेत्यांच्या हातीं गेलें. जिंकलेल्या मुलुखाचा कमिशनर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ह्यास ह्या दप्तराचें मोल आरंभापासूनच ठाऊक होतें. गांवोगांवचा वसूल, सरंजाम, इनामें, वर्षासनें, देवस्थानांच्या नेमणुका ह्यांचा पुरावा त्या रुमालांवांचून इतरत्र एकत्र सांपडणें शक्य नव्हतें. नव्या सत्तेस सारा घ्यावयाचा तर जुन्या सत्तेचे हिशेब हवे होते. म्हणून दप्तर जपलें गेलें. हें श्रेय इंग्रज अधिकाऱ्यांस दिलेंच पाहिजे. इतर अनेक दरबारांचीं दप्तरें पाऊस, वाळवी आणि वंशजांची अनास्था ह्यांच्या तोंडीं पडलीं; पुण्याचें दप्तर मात्र टिकलें.

परंतु त्याच वर्षीं आणखी एक गोष्ट घडली होती. ११ फेब्रुवारी १८१८ रोजीं साताऱ्याहून एल्फिन्स्टननें जाहीरनामा काढिला आणि वतनें, इनामें, वर्षासनें, देवस्थानें पूर्ववत् चालतील असें रयतेस वचन दिलें. म्हणजे एका बाजूस सरकारनें वचन दिलें, आणि त्या वचनान्वयें कोणास काय मिळावयाचें ह्याचा पुरावा दुसऱ्या बाजूस सरकारच्याच कोठींत राहिला. ह्यापुढें दप्तराविषयीं जें जें घडलें त्याचें मूळ ह्या एका गोष्टींत आहे. कागद राखणारा आणि कागदावरून ज्याच्यावर दावा व्हावयाचा तो, हे दोघे एकच झाले.

दप्तराचा विस्तार किती आहे ह्याची कल्पना त्याच्या विभागांवरूनच यावी. शाहू दप्तर, रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, पागा, पथकें, चिटणिसी, आंग्रे दप्तर असे त्याचे अनेक विभाग असून एकंदर रुमालांची व फायलींची संख्या पस्तीस हजारांच्या आसपास जाते. त्यांपैकीं बहुतेक भाग मोडी लिपींतला आहे. ह्यांत एका विभागाचें नांव 'जमाव' असें आहे. हा विभाग पेशव्यांच्या फडांत तयार झालेला नाहीं. इनाम कमिशनच्या चौकशीच्या वेळीं परगण्यांतील जुन्या वतनदार कामगारांकडून जे कागद जमा करण्यांत आले त्यांचा तो संग्रह होय. संग्राहकांनीं ह्या नांवाकडे विशेष लक्ष द्यावें. ज्या घराण्यांचे कागद 'जमाव' म्हणून पुण्यास गेले त्या घराण्यांस आपलाच कागद पुढें सरकारच्या परवानगीवांचून पाहतां येईना.

(३)

इनाम कमिशनची हकीकत वाचकांस सामान्यतः ठाऊक आहे. १८४३ पासून दक्षिण महाराष्ट्रांत इनामांची चौकशी सुरू झाली व १८५२ च्या ११ व्या कायद्यानें तिला कायद्याचें बळ मिळालें. इनामदारानें सनद दाखवावी, भोगवटा सिद्ध करावा, आणि सरकारनें तो पुरावा पेशवे दप्तराशीं ताडून पाहावा, असा क्रम होता. बनावट सनदा नव्हत्या असें नाहीं. दुसऱ्या बाजीरावाच्या काळांत मामलती इजाऱ्यानें देण्याची चाल पडून दप्तराची शिस्त ढिली झाली होती, आणि त्या गोंधळाचा फायदा घेणारे लोकही होते. पण खऱ्या इनामदाराची अडचण अशी कीं, त्याची सनद जळाली किंवा गहाळ झाली असली तर तिची नोंद दप्तरांत शोधून काढणें हें त्याच्या हातीं नव्हतें. तो शोध सरकारी कारकुनानें करावयाचा, सरकारी अधिकाऱ्यानें त्याचा अर्थ लावावयाचा, आणि जमीन खालसा झाली तर तिचा सारा सरकारच्याच खजिन्यांत जावयाचा.

कोणत्याही न्यायपद्धतींत एका पक्षाजवळ सर्व कागद आणि दुसऱ्याजवळ कांहींच नाहीं अशी स्थिति असेल, तर निदान कागद दाखविण्याचा हुकूम देणारा तिऱ्हाईत न्यायाधीश असतो. येथें तोही आधार पुढें नाहींसा होत गेला. मुंबई सरकारच्या अमलांतील इनाम व सरंजामासंबंधींच्या सरकारवरील दाव्यांस दिवाणी न्यायालयाचा दरवाजा १८७६ च्या महसूल अधिकारक्षेत्राच्या कायद्यानें बहुतांशीं बंद झाला. १८५७ च्या सुमारास दक्षिण महाराष्ट्रांत जो असंतोष माजला त्याच्या कारणांत इनाम कमिशनचें नांव नेहमीं घेतलें जातें. १८६३ च्या दोन कायद्यांनीं नजराणा घेऊन इनामें कायम करण्याची तोड निघाली आणि चौकशीचें काम आटोपतें झालें. पेशवे दप्तर मात्र एलिएनेशन ऑफिस ह्या नांवाच्या कचेरीच्या ताब्यांत गेलें. एलिएनेशन म्हणजे सरकारी हक्कांतून सुटलेल्या जमिनी. हें नांव पुरतें बोलकें आहे. सरकारच्या लेखीं हें दप्तर इतिहासाचें साधन नसून जमिनीच्या दाव्यांतील दस्तऐवजांचा सांठा होता. तो सांठा उघडा केला तर जुने दावे उकरून निघतील, ही भीति पुढें साठ-सत्तर वर्षें कायम राहिली. विसाव्या शतकाच्या आरंभीं तींत आणखी एका कारणाची भर पडली. पुण्याच्या विद्वानांकडे त्या काळीं सरकार राजकीय संशयानेंच पाहत असे, आणि मराठ्यांच्या राज्याचा इतिहास हा त्या संशयाचा एक विषय होता.

(४)

ह्या बंदींतून पहिली वाट काढिली ती न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे ह्यांच्या पिढीनें. सरकारी नोकरींत असलेले रावबहादुर गणेश चिमणाजी वाड ह्यांनीं दप्तरांतील रोजनिशांचे उतारे मोठ्या श्रमानें काढिले होते. रानडे ह्यांनीं १९०० सालीं त्या रोजनिशांवर निबंध वाचून त्यांचें महत्त्व पटविलें, आणि पुढें डेक्कन व्हर्नाक्युलर ट्रान्सलेशन सोसायटीच्या वतीनें सातारकर राजे व पेशवे ह्यांच्या रोजनिशांतील उतारे नऊ भागांत छापून निघाले. मराठ्यांचें राज्य म्हणजे केवळ मुलुखगिरी असें मानणाऱ्यांस ह्या उताऱ्यांनीं उत्तर दिलें. जमाबंदी, न्याय, टांकसाळी, जकाती, गांवचे तंटे, दुष्काळांतील सूट ह्यांची माहिती प्रथमच सरकारी नोंदींवरून मिळाली. तरी हे उतारेच होते. कोणता उतारा घेतला आणि कोणता सोडला, हें मूळ कागद पाहिल्यावांचून कोणास तपासतां येत नव्हतें.

दुसरी वाट दप्तराबाहेरून गेली. काव्येतिहाससंग्रह १८७८ सालीं निघाला. वासुदेवशास्त्री खरे ह्यांनीं मिरजेस बसून पटवर्धनांच्या दप्तरांतून ऐतिहासिक लेखसंग्रह उभारला. पारसनीस ह्यांनीं मेणवलीच्या नाना फडणिसांच्या दप्तरापर्यंत हात पोंचविला. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे ह्यांनीं १८९८ सालीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढिला, त्यांत १७५० ते १७६१ पर्यंतचीं पत्रें खासगी घरांतून मिळविलेलीं होतीं. राजवाडे गांवोगांव पायीं हिंडले, वाण्यांच्या दुकानांतून पुड्यांसाठीं जाणारे कागद वांचविले, हें सर्वश्रुतच आहे. १९१० सालीं त्यांनीं खंडेराव चिंतामण मेहेंदळे ह्यांच्या सहकार्यानें पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिलें, तें ह्याच वृत्तीचें फळ होय. ज्या शहरांत पेशव्यांचें सर्व दप्तर कुलुपांत होतें त्याच शहरांत पेशव्यांच्या इतिहासाची मुख्य संस्था खासगी घरांतील कागदांवर उभी राहिली, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

ह्याचा परिणाम चांगला झाला कीं वाईट, ह्याचें उत्तर एका शब्दांत देतां येत नाहीं. चांगला अशासाठीं कीं सरकार नाहीं म्हणालें म्हणून महाराष्ट्रांतील शेंकडों घराण्यांचीं दप्तरें उजेडांत आलीं. तीं कदाचित् एरवीं कोणी पाहिलींही नसतीं. वाईट अशासाठीं कीं, खासगी घरांत मुख्यतः जें जपलें गेलें त्याच्याच आकाराचा इतिहास लिहिला गेला. घराण्यानें जपलीं तीं राजकारणाचीं पत्रें, बखरी, सनदा, महजर. गांवचा ताळेबंद, जकातीचा झडतीपट, पागेच्या दाणावैरणीचा हिशेब हे बहुतांशीं सरकारी दप्तरांतच होते. ते बंद राहिल्यामुळें पन्नास वर्षें मराठ्यांच्या इतिहासांत लढाया व कारस्थानें ह्यांस जितका प्रकाश मिळाला तितका कुळंबी, महार, साळी, बलुतेदार ह्यांच्या संसारास मिळाला नाहीं.

(५)

१९१९ सालीं हिंदुस्थान सरकारनें ऐतिहासिक कागदपत्रांसाठीं इंडियन हिस्टॉरिकल रेकॉर्ड्स कमिशन नेमलें. जदुनाथ सरकार त्यांत प्रमुख होते. कमिशनची बैठक जानेवारी १९२५ मध्यें पुण्यासच भरली आणि पेशवे दप्तर अभ्यासकांस खुलें व्हावें ह्या मागणीस जोर आला. मुंबईचे गव्हर्नर सर फ्रेडरिक साइक्स ह्यांच्या काळांत तोडगा निघाला तो असा. दप्तर सर्वांस उघडण्याऐवजीं तें एका अभ्यासकाकडून तपासवून निवडक कागद छापावे. हें काम बडोदें सरकारच्या सेवेंतून निवृत्त झालेले रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई ह्यांजकडे १९२९ सालीं आलें. त्यांनीं मोजक्या साहाय्यकांनिशीं, तुटपुंज्या खर्चांत, कांहीं वर्षांत पंचेचाळीस भाग सिद्ध केले. वयाची साठी उलटलेल्या मनुष्यानें एवढें काम इतक्या थोड्या अवधींत उरकावें हें आश्चर्यकारक आहे. मराठ्यांच्या इतिहासाचें कोणतेंही पुस्तक आज त्या भागांवांचून लिहितां येत नाहीं.

तरी पुण्याच्या संशोधकांत ह्या व्यवस्थेविषयीं नाराजी होती, आणि ती केवळ व्यक्तिगत चुरशीची म्हणून सोडून देतां येत नाहीं. त्यांचा मूळ मुद्दा आजही तितकाच सबळ आहे. पस्तीस हजार रुमालांतून पंचेचाळीस भाग निवडले, म्हणजे न निवडलेलें किती राहिलें ? निवडणाऱ्याची दृष्टि कितीही निर्मळ असो, ती एकाच मनुष्याची व एकाच काळाची असते. सरदेसायांची दृष्टि राजकीय इतिहासाची होती, आणि त्या दृष्टीस जें महत्त्वाचें वाटलें तें त्यांनीं प्रामाणिकपणें छापलें. परंतु महसुलाचे, जमाखर्चाचे, गांवच्या तंट्यांचे असंख्य रुमाल रुमालांतच राहिले. पुढें दप्तर अभ्यासकांस खुलें झाल्यावर ह्याच रुमालांतून नवा इतिहास निघूं लागला. स्टुअर्ट गॉर्डन ह्यांनीं १९७७ सालीं माळव्यांतील मराठी अमलाविषयीं जो लेख लिहिला तो दप्तरांतील महसुली कागदांवर आधारलेला आहे. मराठ्यांनीं माळवा केवळ लुटला नाहीं, तर एक एक परगणा हळूहळू कारभाराखालीं आणला, हें त्यावरून दिसून आलें. असा निष्कर्ष केवळ निवडक राजकीय पत्रांवरून निघणें कठीण होतें.

येथें एक भेद स्पष्ट करणें अवश्य आहे. कागद छापून देणें आणि कागद पाहूं देणें ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. छापलेला कागद सरकारची देणगी असते. पाहावयास मिळालेला कागद हा अभ्यासकाचा हक्क असतो, कारण त्यांत न मागितलेलेंही सांपडतें. वाडांच्या उताऱ्यांपासून सरदेसायांच्या भागांपर्यंत सरकारनें देणगी दिली. हक्क मान्य केला नाहीं. परवानगी मिळालीच तर कोण मनुष्य, कोणत्या हेतूनें, काय पाहूं इच्छितो, ह्याची छाननी होई, आणि त्या काळच्या सरकारी दप्तरखान्यांत उतारे तपासून मगच बाहेर सोडण्याची रीत होती.

(६)

स्वराज्य आल्यावर ही स्थिति पालटली. पेशवे दप्तर आज महाराष्ट्र शासनाच्या पुणें येथील पुराभिलेखागारांत असून अभ्यासकांस तेथें बसून काम करतां येतें. केंद्राचा सार्वजनिक अभिलेख कायदा १९९३ सालचा, महाराष्ट्राचा २००५ सालचा. केंद्राच्या कायद्यांत १८९२ पूर्वींचा कोणताही अभिलेख, तो अगदीं निरुपयोगी झाल्याविना, नष्ट करूं नये असें कलम आहे. आणि गोपनीय न ठरविलेले तीस वर्षांवरील अभिलेख राष्ट्रीय अभिलेखागारांतून खऱ्या अभ्यासकास दाखविण्याची तरतूद आहे. तथापि येथेंही 'खरा अभ्यासक' कोण हें ठरविण्याचा अधिकार राखणदाराकडेच राहिला.

तो अधिकार खऱ्या अर्थानें काढून घेतला तो माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानें. महाराष्ट्रानें ह्या विषयाचा आपला कायदा आधींच केला होता; केंद्राचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ रोजीं पूर्णपणें अमलांत आला. त्याच्या सहाव्या कलमांत, अर्जदारास माहिती कशासाठीं हवी हें विचारूं नये, असें स्पष्ट म्हटलें आहे. ज्या अभ्यासकांच्या पूर्वसूरींनीं एलिएनेशन ऑफिसच्या पायऱ्या झिजविल्या त्यांस ह्या एका वाक्याची किंमत सांगावयास नको. तीस दिवसांत उत्तर द्यावें, नाकारल्यास कलम सांगावें, वीस वर्षांपूर्वींच्या घटनांची माहिती, देशाची सुरक्षितता व परराष्ट्रसंबंध, विधिमंडळाचे विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाचे कागद हे अपवाद सोडून, द्यावीच, आणि विनाकारण दिरंगाई करणाऱ्या अधिकाऱ्यास दिवसास अडीचशें रुपयांप्रमाणें पंचवीस हजारांपर्यंत दंड व्हावा, अशा तरतुदी त्यांत आहेत.

मग नकार थांबला काय ? थांबला नाहीं, त्यानें रूप पालटलें. त्याचीं दोन रूपें प्रस्तुत विषयास लागू आहेत.

पहिलें रूप कलम सांगून दिलेल्या नकाराचें. १९६२ च्या चीन-युद्धांतील पराभवाची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स व ब्रिगेडियर भगत ह्यांनीं केली. तो अहवाल पत्रकार कुलदीप नय्यर ह्यांनीं माहितीच्या अधिकारान्वयें मागितला. केंद्रीय माहिती आयोगानें २००९ सालीं नकार कायम केला. त्या वेळीं युद्धास शेहेचाळीस वर्षें होऊन गेलीं होतीं. पुढें २०१४ सालीं नेव्हिल मॅक्सवेल ह्या परदेशी लेखकानें आपल्याजवळील प्रतीचा बराच भाग स्वतःच प्रसिद्ध केला. राजवाड्यांच्या काळीं जें घडलें तेंच येथें घडलें. मूळ दप्तर बंद राहिलें आणि इतिहास बाहेरच्या प्रतीवर लिहिला जाऊं लागला. फरक इतकाच कीं, राजवाड्यांचे कागद अस्सल आहेत कीं नाहींत हें अक्षर, शिक्का, मिति पाहून ठरवितां येई. बंद अहवालाची बाहेरची प्रत मूळाशीं ताडून पाहण्याची सोय सामान्य अभ्यासकास नाहीं. नेताजी सुभाषचंद्र बोस ह्यांच्याविषयींचे कागद परराष्ट्रसंबंध बिघडतील ह्या कारणानें दीर्घकाळ नाकारले जात होते. सप्टेंबर २०१५ मध्यें पश्चिम बंगाल सरकारनें चौसष्ट फायली व २३ जानेवारी २०१६ रोजीं केंद्र सरकारनें शंभर फायली खुल्या केल्या. त्यावरून कोणत्या राष्ट्राशीं वितुष्ट आल्याचें दिसलें नाहीं. म्हणजे नकाराचें कारण कागदांतील मजकुरांत किती आणि राखणदाराच्या संवयींत किती, हें दर वेळीं तपासलें पाहिजे.

दुसरें रूप अधिक साधें व अधिक घातक. तें म्हणजे 'आढळून येत नाहीं' हें. कायद्यांतील अपवादांच्या यादींत हें कारण नाहींच. २०१३ सालीं दिल्ली उच्च न्यायालयानें, जी माहिती एके काळीं कचेरीजवळ होती ती सांपडत नाहीं एवढें म्हणून सुटका होत नाहीं, तिचा कसून शोध व्हावा व गहाळ होण्याची जबाबदारी ठरवावी, असा निर्णय दिला आहे. तरीही हें उत्तर सर्रास मिळतें, कारण तें खोडून काढावयास अर्जदाराजवळ कांहीं साधन नसतें. सरकारनें आपल्या सर्व अभिलेखांच्या याद्या व सूची तयार ठेवाव्या हें त्याच कायद्याच्या चौथ्या कलमांतील पहिलें कर्तव्य आहे. परंतु संशोधकांच्या दृष्टीनें सर्वांत मोलाचें हें कलम सर्वांत दुर्लक्षित राहिलें आहे. नाकारलेला कागद निदान आहे एवढें तरी कळतें, आणि आज ना उद्यां तो मिळण्याची आशा असते. यादींतच नसलेल्या कागदाविषयीं कोणी अर्जही करूं शकत नाहीं.

(७)

आतां आरंभीं सांगितलेल्या प्रकरणाचा शेवट. प्रस्तुत लेखकानें पहिल्या उत्तरानंतर दुसरा अर्ज केला तो कागदांचा नव्हे, तर कागदांच्या इतिहासाचा. त्या कचेरीच्या अभिलेखकक्षाची यादी, नाश केलेल्या अभिलेखांची नोंदवही, आणि इतर कचेऱ्यांस पाठविलेल्या रुमालांच्या पावत्या, एवढेंच मागितलें. इनाम चौकशीचे कागद कायम ठेवावयाच्या वर्गांतले, तेव्हां नाशाच्या नोंदवहींत त्यांचें नांव येण्याचें कारण नव्हतें, आणि तें आलेंही नाहीं. ही गोष्ट दाखवून पहिलें अपील केलें. अपिलीय अधिकाऱ्यांनीं समक्ष शोध घेण्याचा हुकूम दिला. दोन रुमालांपैकीं एक निराळ्या शीर्षकाखालीं बांधलेला मिळाला. दुसरा अद्याप मिळालेला नाहीं. अभिलेखकक्षांतील वृद्ध कारकुनानें तो रुमाल स्वतः झटकून पुढें ठेवला आणि असे आणखी पुष्कळ आहेत, पण त्यांची यादी करावयास मनुष्य नाहीं, असें सांगितलें. त्या गृहस्थांच्या बोलण्यांत लपवाछपवी नव्हती. सरकारी नकाराच्या मुळाशीं पुष्कळदां दुष्ट हेतु नसून असें दारिद्र्य असतें, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. तथापि अर्जदाराच्या दृष्टीनें दोहोंचा परिणाम एकच.

संशोधकांनीं ह्यावरून एवढें ध्यानांत ठेवावें कीं, कागद नाकारला गेला तर आधीं यादी मागावी, मग नाशाची नोंद मागावी, आणि ह्या दोहोंच्या आधारानें पुन्हा कागद मागावा. पहिल्या अपिलास तीस दिवस व आयोगाकडील दुसऱ्या अपिलास नव्वद दिवसांची मुदत आहे, ती चुकवूं नये. मिळालेलें प्रत्येक उत्तर, नकाराचेंही, तारखेसह जपून ठेवावें. उद्यांच्या इतिहासकारास तेंही एक साधन होईल.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती ह्या पत्राच्या वाचकांस थोडी कटु वाटण्याचा संभव आहे. माहितीच्या अधिकाराचा कायदा खासगी संग्राहकास सामान्यतः लागू नाहीं. आपल्यापैकीं अनेकांच्या कपाटांत सनदा, महजर, खुर्दखतें, कैफियती पडून आहेत, आणि त्या कोणास ठाऊक नाहींत. कांहींनीं त्या दाखविल्या तर भाऊबंदांचे दावे उठतील म्हणून झांकल्या आहेत. कांहींनीं दुसरा कोणी आपल्या आधीं छापील म्हणून. कांहींनीं किंमत येईल म्हणून. पहिलें कारण एलिएनेशन ऑफिसचेंच आहे, आणि उरलेलीं दोन त्याहून चांगलीं आहेत असें म्हणतां येत नाहीं. सरकारी दप्तरांतून कागद चोरीस गेले, शिक्के कापले गेले, सनदा बाजारांत आल्या, हा राखणदारांचा आक्षेपही सर्वस्वीं खोटा नाहीं, आणि त्यांतील कांहीं माल आपल्याच मंडळींच्या संग्रहांत पोंचला असावा. ज्या न्यायानें आपण सरकारकडे दप्तर मागतों तोच न्याय आपल्या कपाटास लावावयास आपण तयार असलें पाहिजे. नाहींतर आपली मागणी ऐकणाऱ्यास ती केवळ ताब्याची भांडणें वाटतील.

कागद आजच कोणी कोणाच्या स्वाधीन करावे असें येथें म्हणावयाचें नाहीं. घराण्याचे हक्क असतात, नातीं असतात, भीतिही असते. परंतु प्रत्येक संग्राहकानें आपल्या संग्रहाची यादी, म्हणजे कागदाचा प्रकार, मिति, स्थळ, कोणी कोणास लिहिला, ओळी किती, एवढी तरी तयार करून जवळच्या संशोधनसंस्थेकडे ठेवावी. त्यास दोन-चार महिन्यांचे सायंकाळचे तास लागतील, खर्च वहीचा. पेशवे दप्तर शंभराहून अधिक वर्षें बंद राहिलें, तरी तें कोठें आहे हें सर्वांस ठाऊक होतें, म्हणून पिढ्यान्पिढ्या मागणी चालू राहिली आणि अखेर तें उघडलें. आपल्या माळ्यावरचा रुमाल आपल्या मागें कोणास ठाऊक राहणार आहे, ह्याचा विचार प्रत्येकानें करावा. अशा याद्या ज्यांजवळ तयार असतील त्यांनीं त्या प्रसिद्धीसाठीं पाठवाव्या, अशी विनंति करून हा लेख पुरा करतों.